गळ्यातल्या पट्टीवरचं एक अक्षर: अमेरिकेच्या सैन्यात ज्यू असणं म्हणजे काय?

डिसेंबर १९४४. बेल्जियममधलं आर्डेन्सचं जंगल बर्फाने भरलेलं होतं. जर्मन रणगाडे अचानक चाल करून आले आणि हजारो अमेरिकन सैनिक वेढ्यात सापडले. शरण जाण्यासाठी हात वर करण्याआधी त्यांच्यातल्या काही जणांनी एक विचित्र गोष्ट केली. गळ्यातली धातूची छोटी पट्टी ओढून तोडली आणि बर्फात पुरून टाकली.

ही पट्टी म्हणजे डॉग टॅग. सैनिकाचं नाव, क्रमांक, रक्तगट आणि एका कोपऱ्यात धर्माचं एक अक्षर. प्रोटेस्टंट असेल तर पी, कॅथलिक असेल तर सी. आणि ज्यू असेल तर एच. एच म्हणजे हिब्रू.

अमेरिकन सैन्याने हे अक्षर चांगल्या हेतूने कोरलं होतं. सैनिक मेला तर त्याच्यावर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार व्हावेत, एवढंच त्यामागे होतं. पण हिटलरच्या सैन्याच्या हाती सापडल्यावर हेच अक्षर जिवावर उठू शकत होतं.

मग पट्टी फेकून द्यायची? त्यातही धोका होताच. ओळख नसलेला सैनिक हेर समजून गोळीला बळी पडू शकत होता. आणि लढाईत मेलाच, तर तो कोण होता हे कुणाला कळणार नव्हतं. काहींनी आधीच विचार करून पट्टीवर पी किंवा सी कोरून घेतलं होतं. काहींनी धर्माची जागा कोरी ठेवली. आणि बऱ्याच जणांनी एच तसंच गळ्यात ठेवलं.

अमेरिकेच्या सैन्यातल्या ज्यूंचा इतिहास लढायांपेक्षा अशा बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टींमधून जास्त नीट कळतो. पहाऱ्याला उभं राहायचा हक्क, छावणीतला धर्मगुरू, डोक्यावरची टोपी, थडग्यावरची खूण. यातली एकही गोष्ट आपोआप मिळाली नाही.

पहारा द्यायचाय, पण परवानगी नाही

सुरुवात अमेरिका नावाचा देश जन्माला येण्याच्या सव्वाशे वर्षं आधीची आहे. आजचं न्यूयॉर्क तेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं आणि तिथे डचांची सत्ता होती. १६५४ मध्ये ब्राझीलहून २३ ज्यू तिथे आले. गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट यांना ते नको होते.

गावाच्या रक्षणासाठी प्रत्येक पुरुषाने पहाऱ्याला उभं राहायचं, असा तिथला नियम होता. ज्यूंना मात्र त्यातून वगळलं गेलं आणि बदल्यात दरमहा कर लावला गेला. १६५५ मध्ये ॲसर लेव्ही आणि जेकब बारसिमसन या दोघांनी अर्ज केला. आम्ही हातावर पोट असलेली माणसं आहोत, एक तर पहारा देऊ द्या, नाहीतर कर माफ करा, असं त्यांचं म्हणणं होतं. परवडत नसेल तर गाव सोडून जा, असं उत्तर मिळालं.

लेव्ही गेला नाही. दोनच वर्षांत तो इतर नागरिकांसारखा पहारा देत होता आणि त्याच आधारावर त्याने नागरिकत्वाचे हक्क मागितले आणि मिळवले. बंदूक खांद्यावर घ्यायची परवानगी मागून नागरिक होणं, हा धागा पुढची साडेतीनशे वर्षं सुटलेला नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातही ज्यू होते. साउथ कॅरोलायनाचे फ्रान्सिस सॅल्व्हाडोर १ ऑगस्ट १७७६ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला महिना व्हायच्या आत, चकमकीत मारले गेले.

सहा कोर्टमार्शल आणि पोपटाची पिसं

नौदलातल्या उरिया लेव्ही यांची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी आहे. १७९२ साली फिलाडेल्फियात जन्म. दहाव्या वर्षी घर सोडून जहाजावर पोऱ्या. ज्यू मुलाचा तेराव्या वर्षी बार मिट्झ्वा हा संस्कार होतो, त्यासाठी गडी घरी परत आला आणि मग पुन्हा समुद्रावर. १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांनी पकडलं आणि डार्टमूरच्या तुरुंगात टाकलं.

नौदलातल्या अधिकाऱ्यांमध्ये ज्यू जवळपास नव्हतेच. टोमणे रोजचेच होते आणि लेव्ही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. एका द्वंद्वयुद्धात त्यांच्या हातून समोरचा माणूस मेला. त्यांचं सहा वेळा कोर्टमार्शल झालं.

त्यातलं एक वाचण्यासारखं आहे. तेव्हा खलाशांना शिक्षा म्हणून चाबकाने फोडून काढत. लेव्ही यांना ही प्रथा मान्य नव्हती. त्यांच्या जहाजावर एका पोराने अधिकाऱ्याची नक्कल केली. लेव्ही यांनी चाबूक न काढता त्याच्या ढुंगणाला थोडं डांबर फासून त्यावर पोपटाची पिसं चिकटवायला लावली. पाठ सोलण्याऐवजी हसं केलं, म्हणून खटला भरला गेला लेव्ही यांच्यावरच! बडतर्फीची शिक्षा झाली आणि ती अखेर राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी रद्द केली.

१८५० मध्ये अमेरिकेच्या संसदेने नौदलातल्या चाबकाच्या शिक्षेवर बंदी घातली. त्या मोहिमेतलं लेव्ही हे मोठं नाव. तरीही १८५५ मध्ये नौदलाने त्यांना काढून टाकलं. त्यांनी चौकशीला तोंड दिलं, परत आले आणि भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचे कमोडोर झाले. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत २००५ साली उभं राहिलेलं ज्यू प्रार्थनास्थळ त्यांच्याच नावाचं आहे.

लिंकन यांच्या दारात गेलेला धर्मगुरू

भारतीय लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असतात, तसे अमेरिकन सैन्यात चॅप्लेन असतात. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा कायदा सांगत होता की चॅप्लेन हा ख्रिश्चन पंथाचाच पाद्री हवा.

पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ रेजिमेंटमध्ये बरेच ज्यू होते आणि कर्नलही ज्यू. त्यांनी मायकेल ॲलन यांना चॅप्लेन म्हणून निवडलं. छावणीत आलेल्या एका ख्रिश्चन संघटनेच्या कार्यकर्त्याने तक्रार केली आणि ॲलन यांना पद सोडावं लागलं. मग रेजिमेंटने मुद्दाम न्यूयॉर्कच्या अरनॉल्ड फिशेल यांचं नाव पुढे केलं. सरकारने लेखी नकार दिला आणि कारण सांगितलं धर्माचं.

नकार कागदावर आल्यामुळे आता भांडायला मुद्दा मिळाला. फिशेल डिसेंबर १८६१ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना भेटले. जुलै १८६२ मध्ये कायद्यातला 'ख्रिश्चन' शब्द गेला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल हे पहिले अधिकृत ज्यू चॅप्लेन झाले. आज अमेरिकन सैन्यात मुस्लीम, बौद्ध आणि हिंदू चॅप्लेनही आहेत. कायद्यातलं ते दार उघडलं गेलं १८६२ मध्ये.

त्याच वसंतात ओहायोच्या २३ व्या रेजिमेंटमधल्या वीसेक ज्यू सैनिकांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात वल्हांडण सण केला. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून हा सण असतो. त्याच्या ताटात फळं आणि सुकामेव्याचं गोड वाटण लागतं, विटांच्या गाऱ्याचं प्रतीक म्हणून. रानात ते कुठून आणणार? त्यांनी ताटात सरळ एक वीटच ठेवली. कडू भाजी म्हणून जो रानपाला आणला, तो इतका जहाल निघाला की तोंडाची आग शमवायला सगळ्यांनी सफरचंदाची दारू पोटभर ढोसली. एकाला आपण मोझेस आहोत असं वाटायला लागलं आणि फॅरो झालेल्याला उचलून न्यावं लागलं. त्यांच्यातल्याच जे. ए. जोएल या सैनिकाने हे सगळं नंतर लिहून ठेवलं.

पण वर्ष संपता संपता दुसरं टोक दिसलं. १७ डिसेंबर १८६२ ला जनरल युलिसिस ग्रँट यांनी आदेश क्रमांक ११ काढला. कापसाची तस्करी होते आहे, त्याला ज्यू व्यापारी जबाबदार आहेत, म्हणून आपल्या ताब्यातल्या संपूर्ण प्रदेशातून सगळ्या ज्यूंनी निघून जावं. सगळ्या म्हणजे सगळ्या, बायकामुलांसकट. तस्करी करणाऱ्यांत ज्यू नसलेलेही भरपूर होते, त्यांच्याबद्दल आदेशात अवाक्षर नव्हतं. केंटकीतल्या पाडुका गावातली ज्यू कुटुंबं २४ तासांत बाहेर काढली गेली. ओहायो घोडदळातले कॅप्टन फिलिप ट्राउनस्टाइन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला.

पाडुकाचे सीझर कास्केल वॉशिंग्टनला लिंकन यांच्याकडे धावले. जानेवारी १८६३ च्या पहिल्या आठवड्यातच आदेश मागे घेतला गेला. ग्रँट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्या आदेशाची त्यांना लाज वाटत राहिली आणि १८७६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका सिनेगॉगच्या उद्घाटनाला ते स्वतः जाऊन बसले.

दोन्ही बाजू मिळून या युद्धात सुमारे १० हजार ज्यू लढले असं साधारणपणे मानलं जातं. तरीही १८९१ मध्ये एका नामांकित मासिकात एका माजी सैनिकाचं पत्र छापून आलं की गणवेशातला ज्यू आपल्याला आठवतच नाही. सायमन वुल्फ या वकिलाने उत्तर म्हणून ज्यू सैनिकांच्या नावांचं जाडजूड पुस्तकच काढलं आणि १८९६ मध्ये यादवी युद्धातल्या ज्यू सैनिकांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची संघटना उभी केली. ज्युइश वॉर व्हेटरन्स या नावाने ती आजही चालते.

सगळेच ज्यू

दुसऱ्या महायुद्धात साडेपाच लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकन गणवेशात होते. सुमारे ११ हजार परत आले नाहीत. ३०० हून अधिक रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, चॅप्लेन म्हणून गेले. कॅम्प रिची या मेरीलँडमधल्या तळावर तर जर्मनीतून जीव वाचवून आलेली ज्यू मुलं अमेरिकन सैनिक झाली आणि जर्मन कैद्यांची त्यांच्याच भाषेत उलटतपासणी करू लागली.

सुरुवातीच्या त्या बर्फातल्या कैद्यांचं काय झालं? त्यांची कहाणी एकसारखी नाही.

बाड ओर्बच्या कैदी छावणीतून फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे ३५० अमेरिकन कैदी वेगळे काढून बेर्गा इथे बोगदे खोदायला पाठवले गेले. त्यात ज्यू होते आणि नुसते ज्यू 'वाटणारे' किंवा त्रासदायक ठरवलेलेही होते. उपासमार आणि मारहाणीत सत्तरच्या आसपास जण मेले.

त्याच सुमाराला झीगेनहाइनच्या छावणीत हुकूम सुटला की उद्या सकाळी फक्त ज्यू कैद्यांनी बाहेर उभं राहावं. तिथले सर्वांत वरिष्ठ अमेरिकन होते टेनेसीचे मास्टर सार्जंट रॉडी एडमंड्स. ते स्वतः ख्रिश्चन. २७ जानेवारीच्या सकाळी जर्मन अधिकारी आला तर समोर हजाराहून अधिक कैदी, एकूण एक जण उभे. हे सगळे ज्यू असूच शकत नाहीत, असं तो ओरडला. एडमंड्स म्हणाले, आम्ही इथे सगळे ज्यूच आहोत. पिस्तूल कपाळाला लागलं तरी ते हटले नाहीत. उलट सुनावलं की गोळी घालायची तर सगळ्यांना घालावी लागेल आणि युद्धानंतर तुमच्यावर खटला चालेल. अधिकारी निघून गेला. २०० च्या आसपास ज्यू सैनिक वाचले.

एडमंड्स यांनी घरी हे कधी सांगितलंच नाही. १९८५ मध्ये ते गेले. त्यांच्या मुलाने नंतर वडिलांच्या सोबत्यांना गाठून सगळं गोळा केलं.

समुद्रावर दुसरी एक गोष्ट घडली होती. ३ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री ग्रीनलँडजवळ डॉर्चेस्टर हे सैनिकी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. नऊशेवर माणसांपैकी २३० वाचली. जहाजावरच्या चार चॅप्लेनांनी स्वतःची लाइफ जॅकेट इतरांना देऊन टाकली. त्यात दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक रब्बाय होते. रब्बाय अलेक्झांडर गुड यांनी त्याआधी एका अधिकाऱ्याला स्वतःचे हातमोजेही दिले होते, माझ्याकडे दुसरे आहेत असं सांगून. चौघेही जहाजासोबत बुडाले.

बंधुभावाची ही गोष्ट अमेरिकेत पोस्टाच्या तिकिटापर्यंत पोहोचली. पण दोनच वर्षांनी इवो जिमा बेटावर काय झालं तेही सांगायला हवं. तिथल्या दफनभूमीवर सर्वांसाठी मिळून प्रवचन द्यायला रब्बाय रोलंड गिटेलसन यांना सांगण्यात आलं होतं. ख्रिश्चन थडग्यांसमोर ज्यू धर्मगुरू बोलणार, याला काही पाद्र्यांनी हरकत घेतली. गिटेलसन यांनी माघार घेतली आणि तेच भाषण मूठभर ज्यू सैनिकांसमोर केलं. इथे गोरे-काळे, श्रीमंत-गरीब, अधिकारी-शिपाई शेजारी शेजारी पुरले आहेत, हीच खरी लोकशाही, असा त्याचा गाभा होता. चिडून मुद्दाम तिथे येऊन बसलेल्या काही प्रोटेस्टंट पाद्र्यांनी त्याच्या हजारो प्रती वाटल्या. ज्या भाषणाला मज्जाव झाला, तेच देशभर गाजलं.

पदकाला ५५ वर्षं

टिबोर रुबिन हंगेरीतला. किशोरवयात माउटहाउजेनच्या छळछावणीत पडला, आई-वडील आणि बहीण गमावली. मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने छावणी सोडवली, तेव्हा आपण याच सैन्यात जायचं असं त्याने ठरवलं. १९५० मध्ये तो कोरियात होता, अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालेलं नसताना.

तिथे ज्यूंचा द्वेष करणारा एक सार्जंट त्याला मुद्दाम जिवावरच्या कामगिऱ्यांवर पाठवायचा. एकदा तुकडी मागे हटली आणि रुबिनने एकट्याने २४ तास टेकडी लढवली. पदकासाठी शिफारस करायचा हुकूम वरून आला, पण त्या सार्जंटने कागद पुढे सरकवलाच नाही.

पुढे चिनी सैन्याने त्याला पकडलं. ३० महिन्यांची कैद. रात्री तो गुपचूप बाहेर पडून अन्न चोरायचा आणि आजारी सोबत्यांना भरवायचा. हंगेरीला परत पाठवतो ही चिन्यांची लालूच त्याने नाकारली. जवळपास ४० जण त्याच्यामुळे जगले असं मानलं जातं. छळछावणीत शिकलेलं जगण्याचं कसब त्याने कैदी छावणीत वापरलं.

हे सोबती दशकानुदशकं पत्रं लिहीत राहिले. अखेर २००१ मध्ये संसदेने ज्यू आणि लॅटिन अमेरिकन वंशाच्या सैनिकांच्या डावललेल्या पदकांची फेरतपासणी करायला लावली. सप्टेंबर २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी रुबिन यांना मेडल ऑफ ऑनर दिलं. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. ते निदान हयात तरी होते. पहिल्या महायुद्धातल्या सार्जंट विल्यम शेमिन यांचं पदक २०१५ मध्ये त्यांच्या मुलींना घ्यावं लागलं.

टोपी, दाढी आणि सुप्रीम कोर्ट

सैन्य म्हणजे सगळे एकसारखे दिसणार. आणि धर्म पाळणारा ज्यू पुरुष डोकं उघडं ठेवत नाही, तो किप्पा ही छोटी गोल टोपी घालतो. मग काय करायचं?

कॅप्टन सिम्चा गोल्डमन हे हवाई दलातले मानसशास्त्रज्ञ. ते रब्बायही होते. कॅलिफोर्नियातल्या तळावर ते कित्येक वर्षं किप्पा घालून काम करत होते आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. १९८१ मध्ये एका कोर्टमार्शलमध्ये त्यांनी बचाव पक्षाच्या बाजूने साक्ष दिली. त्यानंतर सरकारी वकिलाने तक्रार केली की छताखाली टोपी घालणं नियमाविरुद्ध आहे! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८६ मध्ये गोल्डमन पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिस्तीची गरज काय ते सैन्य ठरवेल, असा निकालाचा रोख होता.

पण दुसऱ्याच वर्षी संसदेने कायदा केला की नीटनेटकी धार्मिक वस्त्रं गणवेशासोबत चालतील.

त्या चर्चेत बैरूतची एक आठवण कामाला आली. २३ ऑक्टोबर १९८३ ला तिथल्या अमेरिकन बराकीवर ट्रकबॉम्बचा हल्ला झाला आणि २४१ सैनिक मेले. नौदलाचे रब्बाय अरनॉल्ड रेसनिकॉफ जखमींची तोंडं पुसत होते आणि त्यात त्यांचा किप्पा रक्ताने भरला. सोबतच्या कॅथलिक पाद्र्याने स्वतःच्या सैनिकी गणवेशाचा ठिपक्याठिपक्यांचा कापडी तुकडा फाडला आणि त्याची टोपी करून रब्बायच्या डोक्यावर ठेवली.

दाढीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. २००९ मध्ये कमलजीत सिंग कलसी या शीख डॉक्टरला दाढी आणि पगडीसह सैन्यात परवानगी मिळाली. मग आम्हाला का नाही, हा सवाल रब्बाय मेनाखेम स्टर्न यांनी कोर्टात नेला आणि २०११ मध्ये सैन्याने त्यांना दाढीसकट घेतलं. २०१७ मध्ये अशा परवानग्या सोप्या झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षण खात्याचे प्रमुख पीट हेगसेथ यांनी दाढीविरोधात कडक धोरण जाहीर केलं आणि शीख, मुस्लीम, ज्यू सैनिकांपुढे तोच प्रश्न पुन्हा आला.

जेवणाचं त्या मानाने सोपं झालं आहे. कोशर, म्हणजे ज्यू नियमांनुसार बनवलेल्या जेवणाची बंद पाकिटं सैन्याकडे असतात. शब्बाथची, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र काम न करण्याची गोष्ट वेगळी. कोकणातले बेने इस्रायली त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' झाले. सैनिकाला मोर्चा बंद ठेवता येत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला ज्यू धर्माची परवानगी आहे आणि बाकीचं प्रत्येक जण आपल्या वरिष्ठाशी बोलून निभावतो.

क्रूसाखाली कोण आहे?

बर्फात पुरलेल्या पट्ट्यांचा हिशेब मात्र अजून चालू आहे.

फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन दफनभूमी आहे. सुमारे ९,४०० थडगी, एका रेषेत पांढरे क्रूस आणि मधूनच एखादा डेव्हिडचा तारा. असे तारे दीडशेच्या आसपास. काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन रब्बायने ते पाहिले आणि त्यांना आकडा खटकला. सैन्यातल्या ज्यूंच्या प्रमाणात तो फारच कमी होता.

कारणं उघड होती. कुणी पट्टी फेकली होती, कुणी पी कोरून घेतलं होतं, कुठे कारकुनाने चूक केली होती. खूण नसेल तर क्रूस, असा सरळ हिशेब झाला. यातून ऑपरेशन बेंजामिन ही संस्था उभी राहिली. बेंजामिन गारादेत्स्की या सैनिकाच्या नावावरून हे नाव आलं. नॉर्मंडीतल्या त्याच्या थडग्यावरचा क्रूस २०१८ मध्ये काढून तिथे तारा बसवला गेला. संस्था जुनी कागदपत्रं, जनगणनेच्या नोंदी, आई-वडिलांची थडगी तपासते, नातेवाइकांची संमती घेते आणि मगच परदेशातली दफनभूमी सांभाळणाऱ्या अमेरिकन आयोगाकडे अर्ज करते.

पण प्रत्येक क्रूस चुकूनच लागलाय असंही नाही. मेजर जनरल मॉरिस रोझ तिसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख होते. ३० मार्च १९४५ ला जर्मनीत पाडरबॉर्नजवळ रणगाड्यातल्या जर्मन सैनिकाने त्यांना गोळ्या घातल्या. युरोपच्या आघाडीवर शत्रूच्या गोळीने मेलेले ते सर्वांत वरिष्ठ अमेरिकन. वडील आणि आजोबा दोघेही रब्बाय. सैन्याच्या नोंदीत मात्र रोझ यांचा धर्म प्रोटेस्टंट लिहिलेला होता. तो त्यांनी मनापासून लिहिला, की सैन्यात पुढे जायचं म्हणून, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

डेन्व्हरच्या ज्यू समाजाने पुढाकार घेऊन त्यांच्या नावाचं रुग्णालय बांधलं आणि ते १९४९ मध्ये सुरू झालं. नेदरलँड्समध्ये मार्ग्रेटनच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर क्रूस आहे.